काजऱ्यापाशी उघडणारा दरवाजा

आमच्या जुन्या व्हॅनचा डावा दरवाजा पहिल्यांदा आपणहून उघडला तेव्हा मला आधी कौतुक वाटलं आणि मग घाम फुटला. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. देवळांच्या उत्सवी नाटकांत मी इतकी वर्षं खलनायक रंगवत आलोय, पण असा दरवाजा कुठल्याही रंगमंचावर मला उघडता आला नाही. आवाज नाही, धक्का नाही, घाई तर मुळीच नाही. आरशात पाहिलं तर आधी बोटभर उजेड आत आला, मग हातभर, आणि मग अख्खी नदीच आत आली. त्या उघड्या चौकटीच्या अगदी कडेला, मांडीवर पिशवी घेऊन, माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. दूध उतू गेलं हे सांगावं तशा स्वरात म्हणाल्या, "जावयबापू, दार उघडलां हा."

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पळत पलीकडे गेलो. चढाचा रस्ता. डाव्या हाताला काजूची झाडं, त्यांच्या खाली थेट उतार आणि तळाशी नदीचं हिरवं, न हलणारं पाणी. दरवाजा दोन्ही हातांनी ओढून मी लावला. सासूबाईंच्या पायातल्या चपलेचं टोक चौकटीच्या बाहेर आलं होतं, ते मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. 

आता थोडं मागचं सांगितलं पाहिजे. मी डिचोलीत राहतो. नाटकांचे पडदे, कमानी, राजवाड्याचे खांब असलं सामान भाड्याने देणं हा माझा धंदा. व्हॅन त्यासाठीच घेतली, हरमलला खोल्या भाड्याने देणाऱ्या एकाकडून. समुद्रावरची गाडी म्हणजे खारट गाडी. तिच्या बिजागऱ्या गंजलेल्या, आणि सरकत्या दरवाजाच्या खालच्या रुळात हरमलची एवढी वाळू की तिच्यात खेकडा निघाला असता तर मला नवल वाटलं नसतं. दरवाजा तेव्हा उघडतच नसे. दोन माणसांनी ओढावा, तिसऱ्याने शिवी द्यावी, मग तो वीतभर सरके.

सासूबाई हळर्णला राहतात, पेडणे तालुक्यात. एकट्या. घर उतरणीवर आहे. चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून गेलं की विहीर, आणखी उतरलं की माडांची बाग, आणि बाजूला म्हशीचा गोठा. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डिचोलीच्या व्यायामवाल्या डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं, की नेमाने येऊन गुडघा वाकवून घेतला नाही तर तो कायमचा अडेल. अडलेल्या गुडघ्याने त्या पायऱ्या उतरता येणार नाहीत. म्हणजे घर बंद करून आमच्या फ्लॅटमध्ये यावं लागणार. सासूबाईंना आमचा फ्लॅट ठाऊक आहे. चहा पिऊन त्या लगेच चप्पल शोधतात. "पेटी ती," त्या म्हणतात. "झाकण तेवढां उघडां ठेवलंहा, म्हणून जीव घुसमटत नाय."

तेव्हा आठवड्यातून दोनदा मी व्हॅन घेऊन हळर्णला जाऊ लागलो. पुढच्या सीटवर त्यांना चढता येत नव्हतं, तिथे चढायला गुडघा वाकवावा लागतो आणि गुडघा वाकत नव्हता म्हणून तर सगळा खटाटोप. कुणाच्या छोट्या गाडीत पाय लांब करता येत नव्हता. मागे मधल्या सीटवर मात्र त्या राणीसारख्या बसत, पाय समोर सोडून. उजव्या बाजूला पडद्यांच्या गुंडाळ्या आणि बांबू, म्हणून त्यांची जागा डाव्या दरवाजाशी. तिथला सीटचा पट्टा हरमलमध्येच कुणीतरी कापून नेला होता.

त्यांच्यासाठी दरवाजा सहज सरकायला हवा, म्हणून मी तो माझ्या धंद्याच्या रीतीने दुरुस्त केला. रूळ धुतला, वाळू काढली, गंज खरवडला. मग आमच्यात पडदा अडला की करतात तेच केलं. मेण चोळलं, वर ग्रीस, ग्रीसवर तेल. दरवाजा असा झाला की करंगळीने ढकलावा. बायकोला बोलावून मी तीन-चार वेळा करून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता तो थांबतो का, ते पण बघा."

बायकांच्या जिभेवर काय बसतं, देव जाणे.

दुसऱ्यांदा तो उघडला तो त्याच जागी.

ही जागा मी आता सांगतो, कारण पेडण्याकडच्या माणसाला ती न सांगता कळेल, इतरांना नाही कळणार. हळर्णहून आमच्या वाटेने निघालं की गावाची शीव लागते तिथे एक काजऱ्याचं झाड आहे. काजरा म्हणजे विषारी झाड, त्याची बी माणूस खात नाही, गुरं पाला खात नाहीत. झाडाखाली तेलाने काळा झालेला दगड, विड्यांची थोटकं, आणि कोणीतरी नवसाने ठेवलेल्या चामड्याच्या वहाणा. हा गावाचा राखणदार. तो रात्री शीव फिरतो, हातात काठी, खांद्यावर कांबळं. त्याला दिलेल्या वहाणा वर्षभरात झिजतात, असं म्हणतात. मी झिजलेल्या पाहिल्या आहेत. पावसाने झिजल्या असतील, असं म्हणायला माझी हरकत नाही.

गावाबाहेर पडताना तिथे गाडी थांबवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मीही थांबवत असे, खाली उतरून दगडावर विडी पेटवून ठेवत असे, आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घालत असे. गाऱ्हाणं घालायचं तर आवाज असावा, असं माझं मत. "बा राखणदारा, महाराजा!" म्हटलं की पलीकडच्या काठावरचा बगळा उडे. त्यानंतर गाडीत बसायचं आणि पहिल्या गिअरमध्ये चढ चढायचा. चढाच्या मध्यावर, नदी डावीकडे खोल गेली की, दरवाजा उघडायचा.

आणि आमची वेळ ठरलेली, भर दुपारची. डॉक्टरीणबाईंनी तीच दिली होती. दुपारी बाराच्या सुमाराला असल्या जागी कोणी रेंगाळत नाही. मध्यरात्रीची भीती बाहेरून आलेल्यांना. आमच्याकडे दुपार वाईट. पान हलत नाही, पक्षी बोलत नाहीत, नवीन विमानतळाकडे जाणारं एखादं विमान वरून जातं, तेही लांबून कुणीतरी चादर फाडल्यासारखं.

हळर्णच्या तिठ्यावरच्या चहावाल्याकडे बातमी माझ्याआधी पोचली होती.

"काय जावयांनू," तो म्हणाला, "सासू आसा मां गाडयेत? की ठेवलास वाटेर?"

"आहेत, आहेत. दोन पाव दे, त्यांनाच द्यायचेत."

बाकावरचा एक म्हातारा तोंडातली विडी न काढता बोलला, "दार जाताना उघडता, येताना नाय. खरां की नाय?"

मी विचार केला. खरं होतं. परतताना कधीच उघडलं नव्हतं.

"म्हणजे तो उतरता थंय," म्हातारा म्हणाला. "बाय घरातसून भायर पडली की तो तिच्यासोबत गाडयेत बसता. शीमेपर्यंत पोचवता. शीम सोंपली, उतरलो. त्याका काय तुमच्या डिचोलीत काम?"

"उतरता कसलो!" चहावाला गाळणी आपटत म्हणाला. "उतरूक दार कित्याक होया त्याका? तो दार दुसऱ्याक उघडून दिता. 'ये' म्हणता."

बाकावर कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर या दोन्ही गोष्टी मला फार आवडल्या. एकीत सोबत होती, दुसरीत मरण होतं, आणि दोन्हींना पुरावा एकच, माझा दरवाजा. मी दोन्ही गोष्टी घरी येऊन बायकोला हातवारे करून सांगितल्या. ती हसली नाही. म्हणाली, "आधी मिस्त्रीकडे जा."

मिस्त्री डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळचा, बेळगावकडून आलेला, उंच, मिशीवाला आणि फुशारकीत माझ्याही पुढचा. त्याने दरवाजा काढून जमिनीवर आडवा पाडला, जणू कुस्ती जिंकली.

"हे बघा साहेब, रोलर. चाक ऱ्हायलंच न्हाई, नुसती चकती झालीया. आणि हे ग्रीस कुणी थापलं? म्हशीला तेल लावल्यागत?"

"मीच."

"मग बरोबर हाय. चकती आणि ग्रीस. दार काय करंल? पळंल की ओ!" त्याने नवे रोलर टाकले, मधला रूळ ठोकून सरळ केला, माझं ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं. दरवाजा बसवून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या हातचं दार हाय. वारं सुदीक उघडू शकणार न्हाई."

"आणि राखणदार?"

मिस्त्रीचा हात छातीवरून खाली आला. "कुठं उघडतंय म्हणालात?"

मी सांगितलं. काजरा, दगड, वहाणा, दुपार. जरा रंगवूनच सांगितलं असेल.

"साहेब," तो म्हणाला, "रोलरची जबाबदारी माझी. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." आणि दरवाजाच्या मुठीला त्याने स्वतःच्या खिशातलं लिंबू बांधलं. मिस्त्रीच्या खिशात लिंबू का होतं, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा तो उघडला तेव्हा ते लिंबू मुठीला लोंबकळत माझ्याकडे पाहत होतं.

यावेळी सासूबाईंची पिशवी गेली. दरवाजा सरकला तशी ती मांडीवरून घसरली, पायरीवर आपटली आणि उतारावरून काजूच्या पाल्यात कुठेतरी गायब झाली. आत डॉक्टरणीचे कागद होते, चष्मा होता. पिशवी जाताना त्यांनी ती पकडायला हात लांब केला होता. आरशात मला तो हात दिसला, गाडीच्या बाहेर गेलेला, बांगडीसकट. मग त्यांनी तो सावकाश आत घेतला.

परतीच्या वाटेवर त्या एकच वाक्य बोलल्या. "तिसऱ्या हाकेक ओ दिवची लागता."

त्या आठवड्यात हळर्णच्या घरात काही गोष्टी घडल्या, त्या मला बायकोकडून कळल्या. सासूबाईंनी म्हशीचं दावं शेजारणीच्या हातात दिलं. "काढून घे धार, सवय कर," म्हणाल्या. लोणच्याच्या बरण्या पुसून ओळीने लावल्या, आणि कुठल्या बरणीत काय हे बायकोला फोनवर सांगून ठेवलं. देवघरातली समई घासून फडक्यात बांधली. तिठ्यावर जाऊन चहावाल्याला विचारलं, त्या काजऱ्यापाशी याआधी कोणाचा जीव गेला होता का, कधी?

"आईला आणू नका या वेळी," बायको म्हणाली. "गुडघा अडला तर अडला."

"गुडघा अडला तर त्या इथे येतील. इथे, पेटीत."

 दोन्हीकडे तेच होतं. तिकडे नदी, इकडे आमचा तिसरा मजला. आणि मधे माझा दरवाजा.

मी म्हटलं, पडद्याच्या दोरीने दरवाजा बाहेरून बांधू. हे मी सासूबाईंना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "माका पण बांधा. वासरू व्हरतास मां बाजाराक?" मग उतरताना कसं, आग लागली तर कसं, वाटेत लघवीला थांबायचं तर कसं, हे सगळे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ विचारले, आणि मी दोरी परत गुंडाळली.

शेवटी बायको म्हणाली, "पुढच्या खेपेला मी चालवते. तुम्ही मागे बसा, आईच्या पाठीशी. दार उघडलं तर तिला धरा. आणि कृपा करून तोंड बंद ठेवा."

मी पडद्याच्या गुंडाळीवर बसलो, सासूबाईंच्या सीटच्या मागे. गुंडाळीत आमचा जंगलाचा पडदा होता. त्यावर बसून मी खऱ्या जंगलातून चाललो होतो. सासूबाईंच्या मांडीवर नवी पिशवी होती. तिला पिकल्या केळ्याचा वास येत होता. तेव्हा मला आठवलं, की प्रत्येक खेपेला गाडीत हा वास असायचा. आणि डिचोलीला पोचल्यावर कधी एक केळं आमच्या ताटात पडलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सासूबाई वाटेत केळी खातात आणि आम्हाला विचारत नाहीत.

काजरा आला. बायकोने गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, डोळे मिटले आणि हात जोडले. ती आईची मुलगी, खाली उतरत नाही, मनात बोलते. मीही डोळे मिटले. पण खलनायकाला एक डोळा किलकिला ठेवायची सवय असते. प्रार्थनेच्या प्रसंगात तर हमखास.

बाहेर काहीच हलत नव्हतं. काजऱ्याची सावली दगडावर गोळा होऊन बसली होती. दगडावरची वहाणांची जोडी आज नवी होती, कोणीतरी बदलली होती. तिची टोकं रस्त्याकडे होती.

आणि माझ्या किलकिल्या डोळ्यासमोर सासूबाईंचा हात हलला.

त्यांनी मूठ ओढली. दरवाजा बोटभर, मग चार बोटं उघडला, अगदी गुपचूप. पिशवीतून पानात बांधलेलं केळं निघालं. ओठ हलले. केळं त्या फटीतून बाहेर, दगडाच्या दिशेने गेलं आणि पाल्यात पडलं. मग त्यांनी बसल्या बसल्या, आपल्या त्या दुखऱ्या अंगाने, दरवाजा परत ओढला. तो आला. "टक्" असा बारीक आवाज झाला. पूर्ण लागताना होतो तो "खट्ट" नाही.

दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी उजेडाची रेघ राहिली होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. मी खाली उतरून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालत असताना मागे हेच होत होतं. परत येऊन मी दरवाजाकडे नुसतं बघायचो, आणि तो बंदच दिसायचा. त्याची कडी अर्धीच अडकलेली असायची. मग थांबलेली गाडी चढाला लागली की दरवाजा मागे ओढला जायचा, कडी सुटायची, आणि आधी माझं ग्रीस, मग नवे रोलर, सगळं त्याच्या मदतीला. परतीच्या वाटेला उतार, आणि तिथे ना थांबणं ना केळं, म्हणून येताना तो गप्प.

"थांब!" मी ओरडणार होतो. पण बायकोने डोळे उघडून क्लच सोडला होता.

गाडी चढाला लागली. सासूबाईंचा हात अजून मुठीवरच होता. दरवाजा सुटला तो त्यांचा हात घेऊनच निघाला. त्या हाताबरोबर खांदा गेला, खांद्याबरोबर डोकं बाहेर झुकलं, पांढरा अंबाडा, त्यात खोवलेलं अबोलीचं फूल, आणि त्या फुलाच्या पलीकडे नदी. मी सीटवरून पुढे झेप घेतली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. सासूबाईंच्या कमरेला जावयाने अशी मिठी मारल्याचं आमच्या दोन्ही तालुक्यांत उदाहरण नसेल.

"सोडा! सोडा माका!" त्या ओरडल्या. तीन वेळा दरवाजा उघडला तेव्हा ज्या ओरडल्या नव्हत्या, त्या आता ओरडल्या. "लोक काय म्हणतले!"

लोक नव्हते. बायकोने गाडी थांबवली होती. चाकाखालचा एक दगड सुटून उतारावरून गडगडत गेला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. आम्ही तिघं तो आवाज येईपर्यंत तसेच राहिलो.

मग बायको मागे वळली. "आई, दार तूच उघडतेस?"

"मी उघडतंय बोटभर," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचां तो उघडता."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या खेपेपासून त्यांनी मनात नवस बोलला होता. ढोपर वाकेपर्यंत, प्रत्येक खेपेला गावाबाहेर पडताना राखणदाराला केळं द्यायचं. स्वतःच्या पायाने उतरता येईल त्या दिवशी उतरून, हात जोडून, नवस फेडायचा. तोवर गाडीतूनच. आणि कोणाला सांगायचं नाही. बोलून दाखवलेला नवस म्हणजे उष्टं, असं त्या मानतात. ज्याच्याकडे त्या राखण मागत होत्या, त्याला द्यायला म्हणून उघडलेल्या फटीतून त्या स्वतःच बाहेर चालल्या होत्या.

"उद्यापासून केळं बंद," बायको म्हणाली.

"आणि ढोपर अडलां तर?"

"आई, तू आत्ता नदीत होतीस!"

"होतंय? नाय तर. आसंय हंय." त्या मुठीवरच्या लिंबाकडे बघत राहिल्या. "आनी सांगितलां आता तुमका. नवस उष्टो झालो. आता तो काय म्हणता, बघूया."

ते "बघूया" मला आवडलं नाही.

मिस्त्रीने पुढच्या वेळी लिंबू काढलं आणि कडीचा दात नवा बसवला. दरवाजाची कडी अर्धीच अडकत होती हे कळलं तेव्हा त्याची मिशी पुन्हा वर गेली. "म्हंजे भूत न्हाईच की! आधी सांगायचं न्हाई का?" पण मला आता एका कडीवर विश्वास नव्हता. मी पेडण्याच्या बाजारातून न्हाणीघराला लावतात ती पितळी आडवी कडी आणली आणि त्याच्याकडून भोकं पाडून आतून बसवून घेतली. माझ्या व्हॅनच्या दरवाजाला न्हाणीघराची कडी! मिस्त्री म्हणाला, "साहेब, बादली पण ठेवू का?" दरवाजाची काच गंजाने चिकटून बसली होती. ती मी स्वतः चार दिवस तेल सोडून, ठोकून, शिव्या देऊन सरकती केली. केळं आता काचेतून जाईल. दरवाजा उघडायचं कारणच नाही.

त्या खेपेला मीच चालवत होतो. काजऱ्यापाशी थांबलो. उतरण्याआधी मागे जाऊन दरवाजा ओढला, खट्ट ऐकलं, आतून कडी सरकवली. मग विडी ठेवली. गाऱ्हाणं घातलं, पण कोण जाणे का, हळू आवाजात. सासूबाईंनी काचेतून केळं टाकलं. गाडी चढाला लागली.

दरवाजा हलला नाही. चढाचा मध्य आला, नदी खोल गेली, दरवाजा भिंतीसारखा गप्प. मी आरशात बघून डोळा मिचकावला. नाटक संपल्यावर विंगेत करतात तसा.

सासूबाई दरवाजाकडे बघत नव्हत्या. त्या शेजारच्या जागेकडे बघत होत्या, पडद्यांच्या गुंडाळ्यांच्या बाजूला जी हातभर रिकामी जागा होती, तिथे.

"आज उतराक नाय तो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आतून कडी घातलास तुमी. उतरतलो खंयसून?"

मी हसलो. मोठ्याने हसलो. हसू माझं मलाच रंगमंचावरच्यासारखं वाटलं. पुढचा सगळा रस्ता गाडी जड ओढत होती. हँडब्रेक नीट सुटला नसेल म्हणून असेल. ब्रेक घासत असतील. सासूबाई अंग चोरून दरवाजाशी बसल्या होत्या, जशी बाई परक्या पुरुषाशेजारी बसते.

डॉक्टरणीने त्या दिवशी गुडघा वाकवला तेव्हा तो वाकला. त्यांनाही आश्चर्य वाटलं. इतके दिवस अडलेला गुडघा तेल घातलेल्या बिजागरीसारखा मागे आला. "आजी, आता तुम्ही पायऱ्या उतरणार," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी मान हलवली, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या खिडकीतून खाली, उभ्या केलेल्या व्हॅनकडे बघत होत्या.

"बेगीन जाव्या," त्या मला म्हणाल्या. "गाव उघडो पडलो आसा."

मी हसलो नाही. परतीच्या वाटेवर मी गाडी जरा वेगातच हाणली, हे कबूल. का, ते विचारू नका. ऊन कलत होतं. उतारावर दरवाजा कडीत घट्ट होता. काजऱ्यापाशी त्या म्हणाल्या, "थांबा."

मी उतरायला लागलो तर त्यांनी हात केला. "तुमी बसा."

त्यांनी कडी काढली. दरवाजा पूर्ण सरकवला. मग दोन्ही हातांनी चौकट धरून, आधी डावा पाय, मग तो उजवा, वाकवून, जमिनीवर टेकला. कुणी धरलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या. गाडीला वळसा घालून पलीकडे दगडापाशी गेल्या आणि हात जोडले. नवस फिटला. मीही बसल्या बसल्या हात जोडले, आणि ते नाटकी नव्हतं.

मग त्या गाडीकडे परत आल्या, पण चढल्या नाहीत. दरवाजाच्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या, वाट मोकळी सोडून. पदर डोक्यावरून पुढे ओढला. घरातून मोठं माणूस बाहेर पडताना बायका दाराआड उभ्या राहतात, तशा. कुठे पान हललं नाही. मी पुढे बसून, हात स्टिअरिंगवर ठेवून, आरशात बघत होतो.

व्हॅनची डावी बाजू हलकेच वर आली. मागून कोणी जड माणूस उतरला की गाडी येते, तशी.

सासूबाई केव्हाच्या खाली उभ्या होत्या.

थोडा वेळ त्या रस्त्याकडे, मग काजऱ्याकडे बघत राहिल्या. मग चौकट धरून, स्वतःच्या पायाने चढून आत बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"लावा आता दार," त्या म्हणाल्या. "घट लावा."